पोटात बाळ आणि पायांना स्वस्थता नाही

नमस्कार मैत्रिणींनो. आणि घरात ऐकत असलेल्या सासूबाई, आई, नवरे मंडळी, तुम्ही पण जरा जवळ येऊन बसा, कारण आजचं बोलणं निम्मं तुमच्यासाठीच आहे.

सातवा महिना लागलेला असतो, दिवसभर काम करून अंग आंबून गेलेलं असतं, कधी एकदा आडवी होते असं झालेलं असतं, आणि अंथरुणाला पाठ टेकली रे टेकली की पायांचं सुरू होतं. पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतंय, शिवशिवतंय, कुणी म्हणतं आतून मुंग्या चालतायत, कुणी म्हणतं पाय ओढल्यासारखे होतात. दुखतंय का विचारलं तर धड दुखतही नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही. हलवले की बरं वाटतं, थांबलं की परत तेच. मग उठायचं, अंधारात स्वयंपाकघर ते हॉल फेऱ्या मारायच्या, पहाटे कुठे डोळा लागतो तर उठायची वेळ. आणि दिवसा बसल्याबसल्या पाय हलला की कुणीतरी म्हणणार, पाय हलवू नकोस गं, घरातली लक्ष्मी जाते. अहो, ती मुद्दाम नाही हलवत.

याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. नखरे नाहीत, मनाचे खेळ नाहीत, खरंखुरं दुखणं आहे. १९४५ साली स्वीडनच्या कार्ल एक्बोम नावाच्या डॉक्टरांनी त्यावर सविस्तर लिहिलं, त्याच्याही कितीतरी आधी सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी अशा पेशंटचं वर्णन करून ठेवलंय. गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त. ज्यांच्या आईला किंवा बहिणीला झालाय त्यांना होण्याची शक्यता आणखी.

हे होतं का, तर सगळं कारण अजून कुणाला उलगडलेलं नाही, हार्मोन्सचा पण हात असावा म्हणतात, पण एक धागा पक्का सापडलाय तो म्हणजे लोह, आयर्न. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, हालचालींवर त्याचा ताबा असतो, आणि ते बनायला लोह लागतं. इकडे बाळ आपल्या वाट्याचं लोह आईकडूनच घेत असतं. म्हणजे आईच्या अंगातला साठा उतरत जातो, आणि आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं रक्त कमीच आहे, तेव्हा साठा मुळात होताच किती!

आता जे सांगते ते नीट ऐका. हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे म्हणून सगळं ठीक, असं नसतं. साठ्यातलं लोह कळतं फेरिटिन नावाच्या तपासणीत, आणि हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन कमी असू शकतं. पायांचा हा त्रास असेल तर फेरिटिन ७५ च्या खाली आलं तरी लोह वाढवायचा विचार करतात. म्हणून पुढच्या तपासणीला गेलात की "झोप लागत नाही" एवढंच सांगून थांबू नका. सांगा की, डॉक्टर, रात्री आडवी झाले की पाय हलवावेसे वाटतात, चाललं की बरं वाटतं, फेरिटिन बघायचं का? एवढं विचारलं तर कुणी रागावत नाही.

आशाताई देतात त्या लाल गोळ्या, ६० मिलीग्रॅम लोहाच्या, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस घ्यायच्या असतात. किती घरात त्या फ्रीजवर तशाच पडून असतात, कारण मळमळतं, शी काळी होते. काळी होते ते होऊ दे, त्याने काही बिघडत नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहाबरोबर मात्र अजिबात नको, चहा लोह अंगी लागू देत नाही, आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. गोळ्या पचतच नसतील तर सलाईनमधून आयर्न देता येतं, ते डॉक्टर ठरवतील.

रात्रीसाठी एक व्यायाम सांगते. भिंतीकडे तोंड करून उभं राहा, दोन्ही तळवे भिंतीवर, एक पाय पुढे गुडघ्यात वाकवलेला, दुसरा मागे सरळ, मागची टाच जमिनीवर घट्ट. मागच्या पोटरीला ताण जाणवला की अर्धा मिनिट थांबा, मग पाय बदला. त्यानंतर कोमट पाण्यात पाय बुडवा आणि कुणीतरी पोटऱ्या तेल लावून हळू चोळून द्या. हे कुणीतरी म्हणजे नवरा बरं का! चहा-कॉफी दुपारनंतर बंद, संध्याकाळी थोडं चालणं, आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी.

मेडिकलमधून झोपेची किंवा सर्दीची गोळी मनाने आणू नका, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी पाय आणखी वळवळतात. उलटीच्या काही गोळ्यांनी पण होतं, तुमची चालू असेल तर बंद न करता डॉक्टरांना विचारा.

आणि पायाचं प्रत्येक दुखणं हे नाही हं. पोटरीत गोळा येऊन कळ मारते ते वेगळं. एकाच पायाला सूज, लाली, गरमपणा आणि दुखणं असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, त्या पायाला मालिश करू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तळहात-तळपाय रात्री खूप खाजत असतील तरी लगेच दाखवा, ते लिव्हरचं असू शकतं.

बहुतेकींचे पाय बाळंतपणानंतर काही दिवसांत, महिन्याभरात शांत होतात. लाल गोळ्या मात्र तेव्हाही १८० दिवस सुरू ठेवायच्या असतात, आणि बाळ दोन महिन्यांचं झालं तरी पाय थांबत नसतील तर बाळाच्या लसीला जाल तेव्हा स्वतःबद्दलही सांगा.