शहरांचे चेहरे

नमस्कार श्रोतेहो.

'तुमचं शहर कसं आहे हो?' असं कुणी विचारलं, की माणूस आधी काय सांगतो? एखादा मनोरा, किल्ला, नदीवरचा जुना पूल. म्हणजे परगावचे लोक जे बघायला येतात ते. गंमत अशी, की तिथं जन्म काढलेला माणूस कित्येकदा त्या मनोऱ्यावर एकदाही चढलेला नसतो. त्याचं शहर वेगळंच असतं. भिंतींचा रंग, खिडक्यांची ठेवण, छपरांचा उतार आणि रस्त्याच्या टोकाला दिसणारा आभाळाचा तुकडा. लांबच्या प्रवासाहून परतताना आपलं गाव आल्याची खूण पटते ती यावरूनच. आणि हा चेहरा आपोआप टिकत नाही. त्यासाठी कुणीतरी हट्ट धरून बसलेलं असतं. आज त्या हट्टांबद्दल बोलू.

स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन करड्या ग्रॅनाइटचं आहे. पाऊस पडून गेल्यावर ऊन आलं की भिंती चमचमतात. तिथं खाण जवळ होती म्हणून तो दगड वापरला, एवढं साधं कारण. जेरुसलेममध्ये मात्र १९१८ साली ब्रिटिश लष्करी गव्हर्नर रोनाल्ड स्टॉर्स यांनी दंडकच घातला, की इमारतींची दर्शनी बाजू तिथल्या फिकट चुनखडीच्या दगडाचीच हवी. राज्यकर्ते बदलले, दंडक राहिला. आता काँक्रीटच्या इमारतींवरही त्या दगडाचं पातळ आवरण चढवतात. ढोंग म्हणा हवं तर. पण उन्हं कलली की अख्खं शहर एका रंगात न्हाऊन निघतं, हेही खरं.

लंडनचा हट्ट नजरेचा आहे. रिचमंड पार्कमध्ये एक टेकाड आहे. तिथल्या झुडपांच्या कुंपणात मुद्दाम एक फट राखली आहे. तिच्यातून दुर्बीण रोखली, की सोळा किलोमीटरवरचा सेंट पॉल्स कॅथेड्रलचा घुमट दिसतो. तो दिसत राहावा म्हणून मधल्या पट्ट्यात आड येईल इतकं उंच बांधायला मनाई आहे. आणि भर शहरात लेडनहॉल बिल्डिंग नावाची सव्वादोनशे मीटरची काचेची इमारत एका अंगानं वरपर्यंत तिरकी होत गेली आहे. ही काही वास्तुविशारदाची लहर नव्हे. फ्लीट स्ट्रीटवरून येणाऱ्याला तोच घुमट मोकळा दिसावा, म्हणून तिला अंग चोरून उभं राहावं लागलं. लंडनकर तिला 'किसणी' म्हणून मोकळे झाले, ते वेगळं.

सगळे हट्ट कायद्यात लिहिलेले नसतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं पाहा. तिथल्या सिटी हॉलच्या मनोऱ्यावर शहराचे संस्थापक विल्यम पेन यांचा प्रचंड पुतळा उभा आहे, डोक्यावर रुंद काठाची टोपी. त्या टोपीहून उंच काही बांधायचं नाही, असा एक अलिखित करार बिल्डर मंडळींनी अनेक दशकं पाळला. कायद्याचा कागद नाही, दंड नाही, नुसती भीड. १९८७ साली 'वन लिबर्टी प्लेस' या इमारतीनं ती मोडली. पुढं काय झालं? शहराचे बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल, आइस हॉकीचे संघ वर्षानुवर्षं हरत राहिले. शेवटचं मोठं अजिंक्यपद १९८३ चं, म्हणजे पडती कळा आधीच लागलेली. पण खापर फुटलं ते नव्या इमारतीवर. पेनबाबांचा शाप, दुसरं काय! शेवटी २००७ साली आणखी उंच असं कॉमकास्ट सेंटर पुरं होत आलं, तेव्हा तिथल्या कामगारांनी सर्वांत वरच्या तुळईला पेन यांची एक चिमुकली मूर्ती चिकटवली. घ्या, पुन्हा तुम्हीच सगळ्यांत वर! पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, बेसबॉलचा संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. शापबीप मी मानत नाही. पण शहराच्या आकाशरेषेवर आपली इतकी मालकी वाटणारी माणसं मला आवडतात.

वॉर्सामध्ये प्रश्न टोपीचा नव्हता, अख्ख्या शहराचा होता. १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्यानं पोलंडची ही राजधानी पद्धतशीर उद्ध्वस्त केली. जुन्या शहराचा ढिगारा उरला होता. तिथं नवीकोरी वस्ती उभारणं सोपं आणि स्वस्त झालं असतं. लोकांनी जुनंच परत मागितलं. पण जुनं होतं कसं, हे कशावरून ठरवायचं? वास्तुकलेचे विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी मोजून काढलेले नकाशे युद्धातून वाचले होते, त्यांचा उपयोग झाला. आणि मदतीला आला बेर्नार्दो बेल्लोत्तो. अठराव्या शतकातला हा दरबारी चित्रकार. वॉर्साचे रस्ते आणि घरं त्यानं इतकी बारकाईनं रंगवली होती, की दोनशे वर्षांनी गवंड्यांना ती कामी आली. मात्र चित्रकारच तो, काही ठिकाणी त्यानं हात सैल सोडला होता. त्यामुळे काही घरं युद्धाआधी होती तशी न होता त्याच्या चित्रात होती तशी झाली.

मग ही नक्कलच नाही का? आहेच. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या तळ्याकाठच्या गावाची हुबेहूब नक्कल उभारली आहे, २०१२ साली ती खुलीही झाली. तीही देखणी आहे. पण तिथं कुणाची आठवण पुरलेली नव्हती. वॉर्साचे लोक स्वतःच्याच गल्लीतलं डबर उपसून त्यातल्या विटा वेचत होते. युनेस्कोनं १९८० मध्ये त्या 'नकली' जुन्या शहराला जागतिक वारसा मानलं. मला विचाराल तर योग्यच केलं.

आता याच्या अगदी उलट गोष्ट, जर्मनीतल्या ड्रेस्डेनची. एल्ब नदीचं तिथलं खोरं २००४ साली जागतिक वारसा यादीत आलं. नदीवर चौपदरी पूल हवा की नको, यावर २००५ मध्ये शहरात मतदान झालं. लोकांनी पुलाला कौल दिला. याच वर्षी त्याच शहरात युद्धात कोसळलेलं फ्राउएनकिर्शे हे चर्च पुन्हा उभं राहून खुलं झालं, ढिगाऱ्यातले जुने काळवंडलेले दगड नव्या उजळ दगडांमध्ये जागच्या जागी बसवून. त्या शहराला अभिमान नव्हता, असं कोण म्हणेल? पण नदीचा देखावा पाहुण्यांसाठी आणि वाहतुकीची कोंडी रोजची. यादीतून नाव जाईल, असा इशारा मिळाला, तरी काम पुढं गेलं. २००९ मध्ये नाव खरोखरच काढलं गेलं.

मी तिथं असतो तर पुलाच्या विरोधात मत दिलं असतं. पण मी तिथं राहत नाही, त्या कोंडीत माझी गाडी अडकत नाही. २०१३ साली पूल सुरू झाला. एका दुर्मीळ जातीच्या वटवाघळांसाठी कोर्टकचेऱ्या झाल्या आणि उन्हाळ्यात रात्री पुलावर वाहनांना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली. पुलाच्या विरोधकांच्या पदरात तेवढं तरी पडलं.

नमस्कार.