गिटारची तार किती जाड असावी?

श्रोतेहो, नमस्कार. सतारीच्या बाजाच्या तारेसाठी साधारणपणे तीन नंबरची पोलादी तार लागते, हे मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे कधी उभे राहिलेल्यांना ठाऊक असेल. ही तार ०.०१२ इंच, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची असते, आणि अकौस्टिक गिटारच्या ‘लाइट’ सेटमधली पहिली तारही तेवढ्याच जाडीची असते. गिटारवादक या सेटला ‘बाराचा सेट’ म्हणतात, कारण सेटची ओळख त्याच्या पहिल्या तारेवरून ठरते. दुकानात त्याखेरीज दहाचे, अकराचे आणि तेराचे सेट मिळतात.

दहा आणि बारा या आकड्यांतला फरक दिसायला क्षुल्लक असला, तरी वाद्याला तो क्षुल्लक नसतो. लांबी तीच ठेवून तोच स्वर काढायचा असेल, तर साध्या पोलादी तारेवरचा ताण तिच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; त्यामुळे दहाची पहिली तार काढून बाराची लावली, की तिच्यावरचा ताण सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतो. बाराच्या सेटमधल्या सहाही तारा नेहमीच्या स्वरांत मिळवल्या, म्हणजे त्यांचा एकत्रित ताण ७० किलोंच्या पुढे जातो, आणि तेराच्या सेटचा तर ८० किलोंच्याही पुढे. हा सगळा भार नेक, म्हणजे गिटारची दांडी, आणि घोडी यांनी पेलायचा असतो. तो झेपला नाही, तर नेक पुढे वाकते, घोडीमागची फळी फुगते आणि तारा पडद्यांपासून आणखी उंच जातात.

जाड तारेचा आवाज मोठा आणि भरदार असतो, हे खरे आहे. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याच्या हाताखाली बारीक तार जास्त हेलकावते आणि पडद्यांवर खरखरते, हेही खरे आहे. तरीही केवळ आवाजासाठी तेराचा सेट चढवावा, असे मी कोणाला सांगणार नाही. गिटार अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवून वाजवायची असेल, तेव्हा मात्र तो शोभतो. सांगली-साताऱ्याकडे बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती प्लायवूडच्या फळीची, बेताच्या किमतीची गिटार असते. तिला माझ्या मते अकराचा सेट योग्य आहे. फळी अखंड लाकडाची असेल आणि बोटे रुळलेली असतील, तर बाराचा लावावा. क्लासिकल गिटारला मात्र पोलादी तार मुळीच लावू नये. तिची बांधणी नायलॉनच्या कमी ताणासाठी केलेली असते.

बोटे दुखतात म्हणून तारा बदलायला निघालेल्यांनी आधी एक गोष्ट तपासावी. पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून तेच कॉर्ड्स वाजवून पाहावेत. दाबणे एकदम सोपे वाटले, तर दोष तारेच्या जाडीचा नसून नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, उथळ खाचांचा आहे, आणि त्या खाचा जाणकार कारागिराकडून कानशीने खोल करून घेता येतात. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात तर हवेतल्या दमटपणाने फळी फुगून तारा आपोआप उंचावतात, आणि उन्हाळ्यात सहज वाजणारी गिटार आषाढात हाताला जड लागते. अशा वेळी बाराव्या पडद्यावर सहाव्या तारेची उंची मोजावी. ती तीन मिलिमीटरहून बरीच जास्त भरली, तर बारीक तार लावून तात्पुरता आराम पडेल, पण मूळ दुखणे तसेच राहील.

सेट घेताना पाकिटावर ‘अकौस्टिक’ आणि ‘ब्रॉन्झ’ हे शब्द आहेत ना, तेही पाहावे. इलेक्ट्रिक गिटारच्या सेटमध्येही दहा आणि अकरा हेच आकडे असतात, पण त्यातली तिसरी तार बहुधा वेटोळ्याविना, साधी असते आणि जाड तारांवर ब्रॉन्झऐवजी निकेलचे वेटोळे असते. त्यामुळे अकौस्टिकवर त्या तारा फिक्या वाजतात. जाडी बदलल्यावर नवा ताण स्थिरावायला वाद्याला एक-दोन दिवस द्यावेत, आणि नेक सरळ करण्यासाठी ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, फिरवायचा झाल्यास तो त्यानंतरच, पाव फेऱ्याहून कमी फिरवून पाहावा.