रापुन्झेलचे कपडे तंग का झाले?

बेडकाची पापी घेतली आणि त्याचा राजपुत्र झाला. आपण गोष्ट अशीच ऐकली.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या परीकथासंग्रहात ती पहिलीच आहे. १८१२ साली बर्लिनमध्ये छापलेली. त्यात पापी नाहीच. विहिरीत पडलेला सोन्याचा चेंडू बेडकाने काढून दिला, म्हणून राजकन्येने त्याला शब्द दिलाय: माझ्या ताटात जेव, माझ्या अंथरुणात झोप. आता तिला तो डोळ्यांसमोर नको झालाय. पण दिलेला शब्द पाळायचा, असं वडील बजावतात. तिच्या घशाखाली घास उतरत नाही. रात्री बेडूक अंथरुणासाठी हटून बसतो, तेव्हा ती त्याला उचलते आणि भिंतीवर आपटते. राजपुत्र होतो तो त्यानंतर.

लहानपणी पापी गोड वाटली होती. चाळिशीत भिंत जास्त पटते.

परीकथांनी मुलींना वाट बघायला शिकवलं, ही तक्रार खोटी नाही. फक्त गोष्ट मोडीत काढण्याआधी हातात कुठली आवृत्ती आहे, ते बघायला हवं.

रापुन्झेल घ्या. उंच मनोरा, जिना नाही, दार नाही, वर एक छोटी खिडकी. तिथून ती केस खाली सोडते आणि तिला कोंडून ठेवणारी गोथेल ते धरून वर चढते. पुढे राजपुत्रही चढू लागतो. मग एक दिवस रापुन्झेल गोथेलला सहज विचारते: माझे कपडे असे तंग का व्हायला लागलेत, अंगात शिरतच नाहीत?

गोथेलला तेवढ्यावरून सगळं कळतं. आपल्यालाही.

हे मुलांच्या हाती कसं द्यायचं, अशी टीका झाली. धाकट्या ग्रिमने, विल्हेल्मने, पुढच्या आवृत्त्यांतून हात फिरवला. १८५७ च्या सातव्या आवृत्तीत रापुन्झेल विचारते: तुम्हाला वर ओढताना राजपुत्रापेक्षा इतकं जड का लागतं? गरोदर मुलीला पुसून टाकलं आणि तिच्या जागी एक वेंधळी मुलगी बसवली. गंमत म्हणजे शेवटची जुळी मुलं मात्र पुसायची राहिली!

हिमगौरीचंही तेच. पहिल्या आवृत्तीत तिच्या जिवावर उठते ती सख्खी आई; १८१९ पासून ती सावत्र झाली. आईपणाला डाग नको. सिंड्रेलात मात्र सुरी देणारी आई सख्खीच आहे. बूट होत नाही म्हटल्यावर ती स्वतःच्या मुलीला सांगते, बोट छाटून टाक. राणी झालीस की पायी चालायचंय कशाला? ही ओळ कुणी गाळली नाही. तिच्यात काही वावगं वाटलं नसावं.

झोपलेल्या राजकन्येची बाजू मी घेणार नाही. बासिले या इटालियन लेखकाच्या सतराव्या शतकातल्या रूपात तर ती झोपेतच दोन मुलांची आई होते. ती गोष्ट गेली तरी चालेल.

रापुन्झेल मात्र राहू द्या. केस कापून तिला वैराण जागी सोडून दिलंय. जुळ्यांना, एक मुलगा, एक मुलगी, तिने तिथेच जन्म दिलाय, तिथेच वाढवलंय. काही वर्षांनी एक आंधळा माणूस चाचपडत येतो. आवाजावरून ओळखतो. ती गळ्यात पडून रडते, तिच्या आसवांचे दोन थेंब त्याच्या डोळ्यांवर पडतात आणि त्याला दिसू लागतं.

समोर ती उभी आहे, आणि तिच्यामागे दोन मुलं.