डॉक्टर कोटणीस किती मोठे?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

'सर्वांत प्रभावी मराठी व्यक्ती कोण' असा विषय तुम्ही दिलात. मघाशी जेवणाच्या रांगेतच त्यावर वाद सुरू झाला होता, हे बरे झाले. एकमत झाले असते तर मला बोलायला काय उरले असते?

मी सोलापूरचा, त्यामुळे आमच्याच माणसापासून सुरुवात करतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, 1910 चा. 1938 मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलेले असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले, त्यात हे होते. बाकीचे चौघे मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. तिथेच लग्न केले, चीनमध्ये सेवा करताना वारलेल्या कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी गेले. चीनमधले सगळे काम जेमतेम चार वर्षांचे.

त्यानंतर त्यांनी अर्थातच काही केलेले नाही. तरी त्यांचे मोठेपण कमीजास्त होत राहिले. 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. 'हिंदी-चिनी भाई भाई'च्या दिवसांत भाषणांतून त्यांचे नाव सहज यायचे. मग 1962 उजाडले. ज्या देशाशी लढाई झाली त्याच देशासाठी मेलेल्या माणसाचा गौरव कोणत्या तोंडाने करायचा? तिकडे चीनमध्ये मात्र शिजियाझ्वांगला त्यांची समाधी होती. पुढे संबंध निवळले, भारतभेटीवर आलेले चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेऊ लागले, आणि सोलापुरातल्या त्यांच्या जन्मघराचे स्मारक झाले ते थेट या शतकात. डॉक्टर तेच, चार वर्षेही तीच. सीमेवरच्या बातम्या तेवढ्या बदलत गेल्या.

नवे कागद सापडतात म्हणून इतिहासाचा निवाडा बदलतो, असे आपण समजतो. कधीकधी तसे होतेही. संभाजी महाराजांना बखरींनी आणि नाटकांनी व्यसनी, उच्छृंखल करून ठेवले होते. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे दप्तरे धुंडाळून 1960 मध्ये चरित्र छापले आणि ते चित्र पालटायला लागले. ती अभ्यासाची कमाई. पण कोटणीसांबाबत कोणता कागद सापडला? माझे मत विचाराल तर बहुतेक वेळा कागद नाही, गरज बदलते. ज्याला आज ज्याची गरज, त्याला तो मोठा.

आमचे चार हुतात्मे घ्या. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, गोळीबार झाला, सरकारी अंमल उरला नाही, म्हणून 12 मेला मार्शल लॉ लागला. आमच्याकडची जुनी माणसे अजून 'मार्शल लॉच्या वक्ताला' असेच म्हणायची. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिले. सरकारच्या दप्तरी ते पोलिसांच्या खुनातले गुन्हेगार होते. आता शहराच्या चौकात चौघांचे पुतळे एकत्र उभे आहेत. एकत्र, हे मी मुद्दाम म्हणतो. हल्ली ज्याने त्याने आपापल्या समाजाचा तेवढा हुतात्मा उचलायची रीत पडते आहे. मी शिकवत होतो तेव्हा मुलांकडून चारही नावे एका दमात म्हणवून घ्यायचो.

आणि विद्यापीठ! 2004 मध्ये ते झाले तेव्हा साधे 'सोलापूर विद्यापीठ' होते. पुढे ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे नाव द्या म्हणणारे एकीकडे, अहिल्यादेवींचे द्या म्हणणारे दुसरीकडे. मोर्चे निघाले. 2019 मध्ये अहिल्यादेवींचे नाव लागले. आमच्या लहानपणी अहिल्यादेवी म्हणजे हातात शिवलिंग घेतलेली पुण्यवान राणी, घाट नि देवळे बांधणारी. आता भाषणांत त्यांची महसूलव्यवस्था येते, न्यायदान येते, महेश्वरच्या विणकरांना दिलेला आश्रय येतो. यातले काहीच खोटे नाही. पण सोलापूरसारख्या विणकरांच्या गावाला विणकर इतक्या उशिरा आठवावेत, याचे मला हसू येते. आणि सिद्धेश्वर? बाराव्या शतकातला हा शिवयोगी. नाव मिळाले नाही म्हणून त्यांचे काही अडले नाही. संक्रांतीला सात नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघते, गड्ड्याची जत्रा भरते, आणि मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सगळे तिथे असतात. असला प्रभाव कुठल्या यादीत कितवा लावणार?

असो. आता तुम्ही विचारा. फक्त विद्यापीठाला कोणते नाव हवे होते, ते विचारू नका. मला परत सोलापुरातच राहायचे आहे.