चित्र पुसलं गेलं, आवाज उरला

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलणार आहोत एका दूरचित्रवाणी मालिकेबद्दल, पण हा विषय रेडिओवरच सांगावा असा आहे. ‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. काळात आणि अवकाशात भटकणारा एक डॉक्टर, पोलिसांना फोन करायच्या निळ्या पेटीसारखं दिसणारं त्याचं यान ‘टार्डिस’, आणि नट बदलला की कथेतच डॉक्टरचा चेहरा बदलण्याची युक्ती. पहिल्या सहा वर्षांत या मालिकेचे २५३ भाग झाले. विल्यम हार्टनेल हे पहिले डॉक्टर आणि पॅट्रिक ट्राउटन दुसरे. २०१३ साली नायजेरियात तिच्या जुन्या फिल्मचा मोठा साठा सापडला. त्यानंतरच्या मोजणीनुसार या २५३ पैकी ९७ भागांचं चित्र बीबीसीकडे नव्हतं. आवाज मात्र एकूण एक भागाचा आहे, पहिल्या सुरावटीपासून शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत. आणि तो बीबीसीने जपलेला नाही, घरोघरच्या चाहत्यांनी जपला आहे.

चित्र गेलं कसं, ते आधी पाहू. त्या काळी भाग स्टुडिओत जवळजवळ सलग चित्रित व्हायचा आणि दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ फितीवर उतरवला जायचा. ही फीत महाग असे, आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. कलाकारांशी झालेल्या करारांमुळे पुनर्प्रक्षेपणावर बंधनं होती. घरी कॅसेट लावून पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. १९६९ च्या नोव्हेंबरात बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत झाली आणि जुन्या कृष्णधवल कार्यक्रमांना कुणी विचारेना. मग फिती पुसल्या गेल्या. साठच्या दशकातल्या या मालिकेची प्रसारणाची एकही मूळ फीत उरली नाही.

फीत पुसली तरी फिल्म होती. परदेशी विक्रीसाठी प्रत्येक भागाची १६ मिलिमीटर फिल्मवर नक्कल काढत. पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावायचा आणि चालू चित्र टिपायचं. याला टेलिरेकॉर्डिंग म्हणतात. या फिल्म बीबीसीच्या व्यापारी शाखेकडे असत. विक्रीची मुदत संपली की तिथेही त्या मोडीत निघत. फिल्म लायब्ररी वेगळी होती, पण फितीवर झालेले कार्यक्रम सांभाळणं हे तिचं कामच नव्हतं. फितीवाल्यांना वाटे फिल्मवाल्यांकडे प्रत असेल, फिल्मवाल्यांना वाटे फीत असेलच. या समजुतीत १९६७ ते १९७८ अशी अकरा वर्षं गेली. १९७८ मध्ये हे थांबलं, तेव्हा जे कपाटात शिल्लक होतं ते वाचलं.

म्हणून सापडण्याची मुख्य भिस्त परदेशी गेलेल्या प्रतींवर. २५ मिनिटांचा भाग, सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे ३७,५०० चौकटी. १६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी बसतात. म्हणजे एक भाग सुमारे ९४० फुटांचा, २८५ मीटरचा. जेवणाच्या मोठ्या ताटाएवढ्या एका डब्यात तो मावतो. असा डबा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, हाँगकाँग, नायजेरिया, झांबिया अशा देशांत जाई, आणि पुष्कळदा एका देशाने दाखवून झाला की तोच पुढच्या देशाला पाठवत. शेवटच्या स्थानकाने तो लंडनला परत करायचा किंवा नष्ट करून तसं कळवायचं, असा रिवाज होता. ज्या केंद्रांनी हा रिवाज नेमका पाळला त्यांच्याकडे आज काही नाही. डबे जिथे कपाटामागे राहून गेले, तिथून पुढे काही शोध लागले. १९९२ मध्ये हाँगकाँगहून ‘द टूम ऑफ द सायबरमेन’चे चारही भाग आले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ हरवलेले भाग मिळाले.

आता आवाजाकडे येऊ. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या काही शाळकरी मुलांकडे स्पूलचे टेपरेकॉर्डर आले होते. शनिवारी संध्याकाळी टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरायचा आणि बटण दाबायचं. सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने १२०० फुटांचं स्पूल एका बाजूला ६४ मिनिटं चालतं, म्हणजे एका बाजूला दोन भाग आणि वर थोडी जागा. अडचणी दोन. मायक्रोफोन खोलीतलं सगळंच ऐकतो: बशीचा आवाज, दार, खोकला. त्यावर उपाय म्हणून रेकॉर्डर थेट संचाच्या तारांना जोडावा, तर त्या काळातल्या पुष्कळ ब्रिटिश संचांची आतली लोखंडी चौकट सरळ विजेच्या मुख्य जोडणीला लागलेली असे. चुकीच्या जागी हात गेला तर जिवावर बेतायचं. तरीही काहींनी माहितीने आणि काळजीने अशी जोडणी केली. त्यांच्या फिती आज सगळ्यात स्वच्छ मानल्या जातात.

या फितींवरून ऐकण्याजोगी आवृत्ती तयार करणं हे नाजूक काम आहे. एकाच भागाची चार-पाच ध्वनिमुद्रणं जमवतात. त्यातलं मूळ कोणतं आणि नकलेची नक्कल कोणती, ते आधी ठरवावं लागतं, कारण प्रत्येक नकलेत फितीचा ‘सरसर’ असा आवाज वाढतो आणि वरचे स्वर बोथट होतात. मग वेग. घरगुती रेकॉर्डर सावकाश किंवा घाईने धावायचे, आणि स्पूल संपत आलं की वेग आणखी ढळायचा. इथे एक दोषच कामाला येतो. ४०५ रेषांचं चित्र दाखवणाऱ्या त्या जुन्या टीव्ही संचातून १०,१२५ हर्ट्झची बारीक शिट्टी सतत निघे: ४०५ रेषा गुणिले २५ चौकटी. फितीवर ती उतरली असेल तर ती नेमकी कुठे वाजते ते पाहून फीत किती सरकली आहे ते कळतं. विजेची ५० हर्ट्झची घरघरही तशीच उपयोगी. वेग जुळला की या दोन्ही खुणा गाळून टाकायच्या. मग जिथे एका फितीवर खोकला आहे तिथे दुसरीचा तुकडा जोडायचा.

सगळ्यात मोठी चूक होते ती सफाईत. ही सरसर काढणाऱ्या यंत्राला सतत चालणारा आवाज म्हणजे कचरा वाटतो. पण या मालिकेत यानाची घुमघुम, प्रयोगशाळेची गुणगुण, परग्रहावरचा वारा हे सगळं मुद्दाम रचलेलं आहे. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे नवे आवाज घडवणाऱ्या विभागात, डेलिया डर्बिशायर यांनी रॉन ग्रेनर यांची शीर्षक-सुरावट फितींचे तुकडे जोडून उभी केली. टार्डिसचा आवाज ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारांवर किल्ली घासून मिळवला. सफाई जास्त झाली की माणसं पोकळीत बोलू लागतात. या कामात मार्क एअर्स यांचा हात सर्वांत सावध आहे, आणि बीबीसीने काढलेल्या निवेदनासह सीडी ऐकताना तो जाणवतो. पडद्यावर नुसतीच हालचाल होते तिथे मूळ मालिकेतलेच कलाकार एखाद्या वाक्यात काय चाललंय ते सांगतात.

चित्राचे तुकडेही आहेत. लंडनचे जॉन क्यूरा हे आपल्या टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून दिग्दर्शकांना आणि नटांना विकत. एका भागाचे साठ-सत्तर. याला टेलिस्नॅप म्हणतात. व्हिडिओ नसलेल्या काळात आपलं काम दाखवायला कलाकारांकडे दुसरा पुरावा नव्हता. हे फोटो आवाजासोबत क्रमाने लावून चाहत्यांनी ‘रीकन’ बनवले. कोणता फोटो कोणत्या वाक्याला, ते कॅमेरा-संहितेवरून ठरतं. ऑस्ट्रेलियात सेन्सॉरने लहान मुलांसाठी भीतिदायक म्हणून कापलेले तुकडे तिथल्या सरकारी अभिलेखागारात फायलीबरोबर राहिले होते. १९९६ मध्ये चाहत्यांनी ते शोधून काढले. अख्खे भाग गेले आणि कापलेले सेकंद उरले. हार्टनेलचा ट्राउटन होतो तो क्षणही असाच वाचला. ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भाग हरवला आहे, पण १९७३ मध्ये ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमाने तेवढा तुकडा दाखवला होता, म्हणून तो आहे.

ॲनिमेशनचा मार्ग २००६ मध्ये ‘द इन्व्हेजन’च्या पहिल्या आणि चौथ्या भागापासून सुरू झाला. ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’चे सहाही भाग ॲनिमेशनमधून आले ते ५ नोव्हेंबर २०१६ पासून, मूळ प्रसारणाला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. डालेक म्हणजे लोखंडी कवचातले प्राणी, ते ॲनिमेशनला छान जमतात. ट्राउटन जमत नाहीत. त्यांचा अर्धा अभिनय भुवयांत आणि ओठांच्या कोपऱ्यात असे. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी निवेदनासह आवाज ऐकावा, मग टेलिस्नॅपचा रीकन पाहावा आणि ॲनिमेशन शेवटी. हा क्रम उलटा केला तर कार्टूनमधला चेहराच मनात बसतो.

चाहत्यांच्या चर्चेत सर्वांत जास्त उकळी येते ती ‘सापडले’ या बातमीने. २०१३ च्या उन्हाळ्यात नव्वदच्या आसपास भाग सापडल्याची कुजबुज महिनोन्‌महिने चालू होती. त्या वेळी १०६ भाग हरवलेले होते, आणि ऑक्टोबरात एका ब्रिटिश वृत्तपत्राने शंभरावर भाग इथिओपियात मिळाल्याचं छापलं. काही दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, अधिकृत घोषणा झाली ती नऊ भागांची. नऊ ही फार मोठी संख्या आहे. एकाच वेळी इतके भाग कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. पण नव्वदची आस लावलेल्या माणसाला ते पचेना.

अशी बातमी आली की काही गोष्टी ताडून पाहाव्यात. सांगितलेला भाग त्या देशाला विकला गेला होता का? विक्रीच्या याद्या आज चाहत्यांनी फार बारकाईने जुळवल्या आहेत. ‘द डालेक्स मास्टर प्लॅन’ ही बारा भागांची कथा घ्या. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने ती अडवली आणि ती परदेशात विकली गेली नाही. त्यातला १९६५ च्या नाताळात दाखवलेला सातवा भाग तर विक्रीला ठेवलेलाच नव्हता. तो आफ्रिकेतल्या केंद्रावर सापडला असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबावं. दुसरं, वस्तू काय आहे? साठच्या दशकातली परदेशी प्रत असेल तर १६ मिलिमीटर फिल्मच हवी. ‘मूळ व्हिडिओ फीत’ म्हणणाऱ्याने बातमी नीट रचलेली नाही. तिसरं, बीबीसीकडे रीळ पोहोचून तपासलं गेलं का? त्याआधी काहीच पक्कं नसतं. आणि बोभाटा घातकही ठरतो. ‘द वेब ऑफ फिअर’चा तिसरा भाग जोसमध्ये इतर रिळांबरोबर होता, पण लंडनला पाठवण्यापूर्वी तो नाहीसा झाला, असं शोधकर्ते फिलिप मॉरिस यांनी सांगितलं आहे.

सापडल्यावर मतं कशी पालटतात तेही पाहण्यासारखं आहे. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’चा फक्त तिसरा भाग उपलब्ध होता, आणि सहा भागांतला तोच सर्वांत मंद. त्यावरून अख्खी कथा सुमार ठरवली गेली होती. बाकीचे पाच नायजेरियाहून आले. ट्राउटन यांनी डॉक्टर आणि हुकूमशहा सॅलॅमँडर अशा दोन भूमिका किती वेगळ्या केल्या आहेत ते दिसलं, आणि कथा एकदम वरच्या पंक्तीत गेली.

हे दुःख आपल्याला परकं नाही. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, आणि आज त्याची प्रत कुठेही नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहेत, पण ती १९१३ ची की १९१७ च्या आवृत्तीची यावर जाणकारांत वाद आहे. म्हणून एक विनंती. माळ्यावर, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या गोदामात किंवा शाळेच्या स्टोअररूममध्ये फिल्मचा डबा मिळाला, तर तो प्रोजेक्टरवर लावू नका. जुनी फिल्म आखडते, छिद्रं दात्यांवर बसत नाहीत आणि ती फाटत जाते. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटचं विघटन सुरू झालेलं असतं. तो डबा बाकीच्यांपासून वेगळा करा, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. थंड, कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी ठेवा. डब्यावरची चिठ्ठी, शिक्के, आकडे यांचा फोटो घ्या आणि संग्रहालयाला कळवा. गंजका डबा फेकतानाही त्यावरची चिठ्ठी फेकू नका. ती फिल्म कुठून कुठे गेली याचा माग पुष्कळदा तेवढ्यावरूनच लागतो.

शेवटी एका कथेबद्दल. ‘मार्को पोलो’ ही १९६४ ची सात भागांची कथा. कुबलाई खानाच्या दरबाराकडे निघालेला काफिला, गोबीचं वाळवंट, पाणी संपत आलेलं. तिचे सहा भाग दिग्दर्शित केले वारिस हुसेन यांनी. मालिकेची अगदी पहिली कथाही त्यांचीच. लखनौमध्ये जन्मलेले हुसेन बालपणाचा मोठा काळ मुंबईत होते, आणि १९४६ मध्ये इंग्लंडला गेले. ‘मार्को पोलो’ पुष्कळ देशांना विकली गेली होती, तरी २०१३ च्या त्या मोजणीत तिच्या सातही भागांपुढे शून्य होतं. आवाज पूर्ण आहे, आणि फार सुरेख आहे. टेलिस्नॅप उशिरा मिळाले ते हुसेन यांच्या खासगी संग्रहातून, आणि स्वाभाविकच त्यांनी स्वतः केलेल्या सहा भागांचे. चौथा भाग जॉन क्रॉकेट यांनी दिग्दर्शित केला होता. त्याचे टेलिस्नॅप नाहीत. त्या पंचवीस मिनिटांसाठी दिवा मालवून, डोळे मिटून नुसतं ऐकायचं.

नमस्कार.