चॉकलेटच्या गावातला हॉकी संघ

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे जेमतेम चौदा हजार वस्तीचे एक गाव आहे. चॉकलेटच्या कारखान्यामुळे त्या गावाचे नाव जगभर पोहोचले. पण आज मी बोलणार आहे ते तिथल्या आइस हॉकी संघाविषयी, म्हणजेच हर्शी बेअर्सविषयी. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे या संघाने अमेरिकन हॉकी लीगचा कॅल्डर चषक जिंकला. २०२५ साली तिसऱ्या चषकाची आशा गावाने धरली असताना शार्लट चेकर्स संघाने त्यांना सलग तीन सामन्यांत हरवून स्पर्धेबाहेर काढले. त्यानंतर काही आठवड्यांतच, दोन्ही चषक मिळवून देणारे मुख्य प्रशिक्षक टॉड नेल्सन हर्शी सोडून पिट्सबर्ग पेंग्विन्स या संघात गेले, आणि तेही सहायक प्रशिक्षक म्हणून. त्यांच्या जागी डेरेक किंग आले.

दोन अजिंक्यपदांचा मानकरी असलेला मुख्य प्रशिक्षक दुसरीकडे सहायक म्हणून जातो आणि सगळे त्याचे अभिनंदन करतात, ही गोष्ट समजून घ्यायची तर या खेळातील उतरंड आधी ध्यानात घ्यावी लागेल. उत्तर अमेरिकेतील सर्वांत वरची स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्या खालोखाल १९३६ साली सुरू झालेली अमेरिकन हॉकी लीग येते. आज दोन्हींत प्रत्येकी ३२ संघ आहेत आणि खालचा प्रत्येक संघ वरच्या एकेका संघाशी जोडलेला आहे. हर्शी बेअर्स २००५ पासून वॉशिंग्टन कॅपिटल्सशी संलग्न आहेत. खेळाडूंपैकी बहुतेकांचा करार वॉशिंग्टनशी असतो. त्यांना वर केव्हा बोलवायचे आणि खाली केव्हा धाडायचे, हे वॉशिंग्टनमध्येच ठरते. तिथे एखादा खेळाडू जायबंदी झाला, की इथला एक जण बॅग भरतो. दोन्ही शहरांमधले अंतर सुमारे २०० किलोमीटर असल्यामुळे सकाळी फोन आला तरी तो खेळाडू संध्याकाळी मोठ्या संघाकडून बर्फावर उतरू शकतो. मुंबईच्या रणजी संघातले चांगले फलंदाज ऐन मोसमात भारतीय संघात जातात तेव्हा जे होते, तेच इथे वर्षभर आणि कोणत्याही दिवशी घडत असते.

याच्या जोडीला लीगचा एक नियम आहे. सामन्यात गोलरक्षक सोडून १८ खेळाडू उतरवता येतात, आणि त्यांपैकी १३ जण व्यावसायिक सामन्यांचा फारसा अनुभव नसलेलेच असावे लागतात. त्यासाठी किती सामन्यांपर्यंतचा अनुभव चालेल, हेही ठरवून दिलेले आहे. म्हणजे जुन्या, मुरलेल्या खेळाडूंचा भरणा करून चषक जिंकावा म्हटले तर ते शक्य नाही, आणि तरुण तयार झाले की ते वर जाणार हेही ठरलेले. नॅशनल हॉकी लीगमध्ये आज खेळणाऱ्या दर दहा जणांपैकी जवळपास नऊ जण या खालच्या लीगमधून गेलेले आहेत, यावरून तिचे महत्त्व लक्षात यावे. अशा परिस्थितीत एकाच संघाने ओळीने दोन वर्षे चषक राखणे किती कठीण आहे, याचा अंदाज एका गोष्टीवरून येईल: २०२४ पूर्वी असे शेवटचे घडले होते ते २००९ आणि २०१० साली, आणि तेव्हाही तो संघ हर्शीच होता.

२०२३ ची अंतिम मालिका तर मुद्दाम सविस्तर सांगण्याजोगी आहे. प्रतिस्पर्धी होता कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागातला, पहिलाच मोसम खेळणारा कोचेला व्हॅली फायरबर्ड्स. सातांपैकी चार सामने जिंकणाऱ्याला चषक मिळणार होता. त्यांच्या मैदानावर झालेले पहिले दोन सामने हर्शीने ०-५ आणि ०-४ असे गमावले. दोन सामन्यांत एकही गोल नाही. तिसरा सामना हर्शीत होता आणि तो जादा वेळेत गेला. रायली सटरने त्यात विजयी गोल केला आणि तिथून मालिका फिरली. सातवा, निर्णायक सामना पुन्हा कॅलिफोर्नियात झाला. तिथे संघ ०-२ असा मागे पडला, बरोबरीत आला, आणि २१ जूनच्या रात्री जादा वेळेच्या सतराव्या मिनिटाला माइक वेकिओनीने विजयी गोल केला. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तो गोलरक्षक हंटर शेपर्ड याला. पहिल्या दोन सामन्यांत मिळून नऊ गोल खाल्लेल्या संघाचा गोलरक्षक शेवटी सर्वोत्तम ठरतो, यातच नेल्सन यांनी त्याच्यावर टाकलेला विश्वास दिसतो, आणि मला तो विश्वास त्या गोलापेक्षाही मोलाचा वाटतो.

पुढच्या मोसमात हर्शीने ७२ पैकी ५३ सामने जिंकले. अंतिम फेरीत समोर तोच संघ आला. २४ जून २०२४ रोजी, या वेळी घरच्या मैदानावर, सहाव्या सामन्याच्या जादा वेळेत मॅट स्ट्रोमने गोल केला आणि तेरावा चषक हर्शीला मिळाला. या लीगच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही संघाने इतके चषक जिंकलेले नाहीत.

या विजयांनंतर काय होते? माणसे जातात. ब्रूस बूद्रो यांनी २००६ मध्ये हर्शीला चषक मिळवून दिला. नोव्हेंबर २००७ मध्ये वॉशिंग्टनचा संघ तळाशी रुतला असताना त्यांना घाईने वर बोलावण्यात आले, आणि त्याच मोसमाच्या शेवटी ते नॅशनल हॉकी लीगचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. स्पेन्सर कार्बेरी यांची वाट जवळपास तीच: हर्शीत तीन मोसम मुख्य प्रशिक्षक, २०२३ मध्ये वॉशिंग्टनची सूत्रे आणि २०२५ मध्ये तोच सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार. वॉशिंग्टनने २०१८ मध्ये आपला पहिला स्टॅन्ली चषक, म्हणजे नॅशनल हॉकी लीगचे अजिंक्यपद, जिंकला, तेव्हा गोल राखणारा ब्रेडन होल्टबी हर्शीत तयार झालेला होता आणि बचाव फळीचा आधारस्तंभ जॉन कार्लसन २०१० च्या हर्शीच्या विजेत्या संघात होता. त्यांच्याबरोबर जे बीगलही होता. त्याने अमेरिकन हॉकी लीगच्याही खालच्या पायरीवरचा केली चषक, हर्शीबरोबर कॅल्डर चषक आणि मग स्टॅन्ली चषक असे तिन्ही जिंकले, आणि असे करणारा तो पहिला खेळाडू ठरला.

अशा संघांकडे केवळ मोठ्या संघाचे कोठार म्हणून पाहण्याची सवय क्रीडापत्रकारांना लागली आहे. ही दृष्टी मला अपुरी वाटते, आणि हर्शीचा इतिहास पाहिला की ती चूकही वाटते. गेल्या ऐंशीहून अधिक वर्षांत या संघाचे वरचे धनी अनेकदा बदलले. कधी बॉस्टन, कधी फिलाडेल्फिया, कधी कोलोरॅडो, मग वॉशिंग्टन. गाव मात्र बदलले नाही. १९३८ पासून एकही मोसम न चुकवता या लीगमध्ये खेळत आलेला हा सर्वांत जुना संघ आहे. त्याच काळात या लीगमधले कितीतरी संघ बंद पडले किंवा विकले जाऊन दुसऱ्या शहरांत गेले. हर्शी टिकले, कारण त्याची मालकीच वेगळी आहे.

मिल्टन हर्शी या कारखानदाराने विसाव्या शतकाच्या आरंभी शेतजमिनीवर आपला कारखाना आणि त्याभोवती हे गाव वसवले. त्यांना मूलबाळ नव्हते. १९०९ मध्ये त्यांनी आणि पत्नी कॅथरीन यांनी अनाथ मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे आपल्या संपत्तीचा बहुतांश भाग त्या शाळेच्या विश्वस्त निधीला देऊन टाकला. गावातले करमणूक उद्यान, हॉटेले आणि हा हॉकी संघ चालवणारी कंपनी आजही त्याच विश्वस्त निधीच्या मालकीची आहे. गरीब कुटुंबांतील दोन हजारांवर मुले त्या शाळेत विनामूल्य राहतात आणि शिकतात. त्यामुळे कोणा गुंतवणूकदाराला दूरच्या शहरात अधिक नफा दिसला म्हणून हा संघ उचलून नेला, असे इथे झालेले नाही.

महामंदीच्या वर्षांत गावातल्या माणसांच्या हाताला काम मिळावे म्हणून मिल्टन हर्शी यांनी मोठाली बांधकामे काढली आणि त्यांतलेच एक म्हणजे १९३६ मध्ये उघडलेले हर्शीचे जुने बर्फाचे क्रीडागृह. अंतॉन टेडेस्को या अभियंत्याने त्याचे छत काँक्रीटच्या पातळ कवचासारखे बांधले, मध्ये एकही खांब नाही. अमेरिकेत इतक्या मोठ्या प्रमाणावर असे बांधकाम तेव्हा नवे होते. हॉकीशिवाय या वास्तूने बरेच काही पाहिले आहे. २ मार्च १९६२ रोजी विल्ट चेंबरलेन याने बास्केटबॉलच्या एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले ते याच छताखाली, आणि मार्च १९७९ मध्ये जवळच्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हा गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना आसरा देण्यात आला तोही इथेच. २००२ मध्ये संघ साडेदहा हजार आसनांच्या जायंट सेंटरमध्ये गेला. गावाच्या लोकसंख्येशी या आसनांची तुलना श्रोत्यांनीच करावी.

या सगळ्या काळात एक माणूस असा होता की त्याला कोणी वर नेले नाही. १९५६ साली फ्रँक मॅथर्स खेळाडू-प्रशिक्षक म्हणून हर्शीत आले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आधी प्रशिक्षक, मग सरव्यवस्थापक, मग अध्यक्ष. त्यांच्या ३५ वर्षांत संघाने सहा चषक जिंकले. १९८८ चा त्यांतला शेवटचा तर बाद फेरीतले बाराच्या बारा सामने जिंकून मिळवलेला. हॉकीच्या मानाच्या दालनात १९९२ मध्ये त्यांची नोंद झाली. वरच्या लीगमध्ये प्रशिक्षक म्हणून एकही सामना न केलेल्या माणसाचा हा गौरव मला अत्यंत योग्य वाटतो.

आता अलीकडची, आणि हर्शीला हॉकीबाहेरच्या लोकांतही नाव मिळवून देणारी बातमी. दरवर्षी एका ठरलेल्या सामन्यात प्रेक्षक येताना कापडी खेळणी, बहुधा अस्वले, घेऊन येतात. हर्शीने त्या दिवशीचा पहिला गोल केला, की ती सगळी खेळणी चहूबाजूंनी बर्फावर भिरकावली जातात. खेळ थांबतो, खेळाडू आणि स्वयंसेवक ती गोळा करतात, मोजतात, आणि मग ती परिसरातील सेवाभावी संस्थांमार्फत मुलांपर्यंत जातात. ही प्रथा इतर संघांतही आहे, पण हर्शीचे आकडे वेगळेच आहेत. २०१९ मध्ये ४५,६५०; २०२३ मध्ये ६७,३०९; २०२४ मध्ये ७४,५९९; आणि ५ जानेवारी २०२५ रोजी १,०२,३४३. साडेदहा हजार लोक मावतील अशा जागी लाखावर खेळणी आली, याचा अर्थ प्रत्येकाने सरासरी नऊ-दहा तरी आणली. कित्येक घरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत त्यासाठी महिनोन् महिने खेळणी जमा केली जातात. त्या दिवशी संघात कोण आहे, कोण वॉशिंग्टनला गेला, याने या जमवाजमवीत काही फरक पडत नाही.

डेरेक किंग यांच्यापुढचे काम या पार्श्वभूमीवर पाहावे लागेल. ते स्वतः नॅशनल हॉकी लीगमध्ये दीर्घकाळ खेळले आहेत आणि शिकागो ब्लॅकहॉक्सचे हंगामी मुख्य प्रशिक्षकही होते. वॉशिंग्टनला त्यांच्याकडून तयार झालेले तरुण हवेत, गावाला चौदावा चषक हवा, आणि या दोन्ही अपेक्षा एकाच माणसाकडून एकाच वेळी आहेत.

ज्या श्रोत्यांना हा संघ खेळताना पाहावासा वाटेल त्यांच्यासाठी एक सूचना. नियमित मोसम ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो. हर्शीतला संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सुरू होतो. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, मध्ये विश्रांती. बर्फावर एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा जण, आणि ते दर पाऊण मिनिटाला बदलत असल्यामुळे सुरुवातीला नजर गोंधळते. पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, दिसला नाही तर तो शोधू नये. खेळाडूंच्या माना कुठे वळल्या आहेत तेवढे पाहावे, खेळ आपोआप कळू लागतो.

नमस्कार.