धावपट्टीवरची पिंपं

नमस्कार, श्रोतेहो.

१९४२ साली मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून 'चले जाव'ची हाक दिली गेली. तेव्हापासून स्वातंत्र्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोटीत चढून परत निघालेला इंग्रजच येतो. त्यामुळे आज ज्या बेटाबद्दल मी बोलणार आहे, त्याची हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकलो आणि तेच पान पुन्हा वाचलं. तिथल्या लोकांनी बंड केलं. पोलिसांना बेटावरून घालवून दिलं. विमान उतरू नये म्हणून धावपट्टीवर पिंपं आणि गाड्या आडव्या घातल्या. आणि मागणी काय, तर शेजारच्या बेटाची सत्ता आम्हाला नको, त्यापेक्षा थेट इंग्रजांनीच आमचा कारभार पाहावा!

या बेटाचं नाव अँग्विला. वेस्ट इंडीजच्या बेटांची जी कमान अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्राच्या मधून खाली उतरते, तिच्या वरच्या टोकाला ते आहे. लांबी सव्वीस किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त पाच. लांबट आणि निमुळतं, म्हणून 'अँग्विला', म्हणजे आपल्याकडच्या वाम माशासारखं. क्षेत्रफळ ९१ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई डोळ्यांसमोर आणा, हे बेट तिच्याहून काहीसं मोठं. आणि एवढ्या जागेत माणसं किती? पंधरा-सोळा हजार.

नदी एकही नाही. डोंगर म्हणावा असा उंचवटाही नाही, सगळ्यात उंच जागा शंभर मीटरसुद्धा भरत नाही. बेट चुनखडीचं. पडलेला पाऊस दगडातून झिरपून जातो. म्हणून तिथली जुनी रीत अशी, की छपराच्या पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून घराखालच्या टाकीत घ्यायचं आणि ते वर्षभर पुरवायचं. आता समुद्राचं पाणी गोडं करून मिळतं, पण घराखालची टाकी अजूनही दिसते.

माझ्या मते या बेटाचा सगळा इतिहास त्या चुनखडीत आणि तिच्यावरच्या मातीच्या पातळ थरात आहे. इंग्रज १६५० साली तिथं आले. शेजारच्या बेटांवर त्यांनी उसाचे मोठे मळे उभे केले, आफ्रिकेतून गुलाम आणून त्यांच्या रक्ताघामावर साखर पिकवली. गुलाम अँग्विलावरही आणले, ऊसही लावला. पण त्या मातीत आणि त्या पावसावर मळ्यांना बरकत आली नाही. १८३४ साली गुलामगिरी कायद्यानं संपली. पुढं बरेच मळेवाले गाशा गुंडाळून निघून गेले, आणि कालपर्यंत जे गुलाम होते त्यांनीच ती जमीन तुकड्यातुकड्यानं विकत घेतली. इतर बेटांवर माणूस मोकळा झाला तरी मळेवाल्याच्या दारात मजुरीला उभाच राहिला. अँग्विलावर मात्र गरिबातला गरीबही आपल्या तुकड्याचा मालक झाला. तुकडा कसला, खडकाळच, पण सातबारा स्वतःच्या नावावर असला की माणसाची मान वेगळी असते, हे मराठी श्रोत्यांना मी काय सांगणार!

त्या तुकड्यात पिकायचं काय, तर रताळी, मका आणि तूर. होय, आपली तूर. मूळची भारतातली, इथून आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियनमध्ये पोचली. तूर आणि भात एकत्र शिजवून केलेला पदार्थ हे आज अँग्विलाचं राष्ट्रीय अन्न मानलं जातं.

शेतीवर पोट भरत नव्हतं म्हणून मीठ पिकवायचं, मासे मारायचे, गलबतं बांधायची. आणि हंगाम आला की बेटावरचे कर्ते पुरुष शिडाच्या गलबतांतून शेकडो किलोमीटर दूर सँटो डोमिंगोला, म्हणजे आजच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात, ऊसतोडीला जायचे. मागं राहायच्या बायका, मुलं, म्हातारे. हंगाम संपला की परतीच्या वाटेवर गलबतांची चढाओढ लागायची, कुणाचं शीड आधी दिसतंय ते किनाऱ्यावरून बघायला गाव लोटायचं. ही चढाओढ लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता कारभाराकडे वळू. लंडनच्या दृष्टीनं एवढ्याशा बेटाला वेगळं सरकार देणं परवडणारं नव्हतं. म्हणून १८२५ पासून त्याला शंभरेक किलोमीटरवरच्या सेंट किट्स बेटाला जोडून टाकलं. सेंट किट्स म्हणजे मळ्यांचं, साखरेचं, पैशाचं बेट. अँग्विलाच्या लोकांनी १८७२ सालीच अर्ज केला होता, की आमचा कारभार थेट लंडनहून करा. कुणी लक्ष दिलं नाही. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६७ साली, या बेटावर वीज नव्हती, टेलिफोन नव्हते, नळाचं पाणी नव्हतं, धड रस्ते नव्हते.

आणि नेमकं त्याच वर्षी, २७ फेब्रुवारीला, ब्रिटननं सेंट किट्स, नेव्हिस आणि अँग्विला या तिघांना मिळून अंतर्गत स्वराज्य दिलं. कागदावर स्वराज्य, पण अँग्विलाच्या माणसाला दिसत होतं ते एवढंच, की दुरून का होईना दाद मागायला एक लंडन होतं, तेही गेलं. आता सगळी सूत्रं सेंट किट्सच्या रॉबर्ट ब्रॅडशॉ यांच्या हाती. ब्रॅडशॉ उसाच्या मळ्यांतल्या कामगारांचे मोठे पुढारी, त्यांच्या बेटानं त्यांना डोक्यावर घेतलेलं. पण अँग्विलाशी त्यांचं कधी जमलं नाही.

३० मे १९६७ रोजी लोकांनी सेंट किट्सच्या पोलिसांना विमानात बसवून परत पाठवलं. मग धावपट्टीवर ती पिंपं आली. ११ जुलैला बेटानं आपणहून मतदान घेतलं. सेंट किट्सपासून वेगळं व्हायचं का? होय म्हणणारे १८१३. नाही म्हणणारे ५. मला त्या पाचांबद्दलही आदर वाटतो. सगळं बेट एका बाजूला असताना त्यांना वेगळं मत टाकता आलं आणि ते मोजलंही गेलं.

चळवळीचे पुढारी रोनाल्ड वेबस्टर. त्यांचा २ मार्च हा जन्मदिवस आज तिथं सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. वाटाघाटी झाल्या, एक ब्रिटिश अधिकारी वर्षभर येऊन राहिला, पण गाडी पुढं सरकेना. फेब्रुवारी १९६९ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि अँग्विलानं स्वतःला प्रजासत्ताक जाहीर केलं. मार्चमध्ये विल्यम व्हिटलॉक नावाचे ब्रिटिश उपमंत्री तोडगा घेऊन आले. त्यांना काही तासांतच, बंदुकांच्या धाकात, बेट सोडावं लागलं.

मग लंडननं काय केलं असेल? १९ मार्च १९६९ च्या पहाटे दोन युद्धनौका आल्या आणि तीनशेहून जास्त छत्रीधारी सैनिक होड्यांतून किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या पाठोपाठ लंडनचे पोलीस. किनाऱ्यावर त्यांची वाट पाहत होते वार्ताहर. एकही गोळी झाडली गेली नाही. जगभरच्या वर्तमानपत्रांनी या स्वारीची थट्टा केली, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्या मुलांना गावात डॉक्टर आणि शाळेला छप्पर हवं होतं, त्यांना पहाटे उठून दारात बंदूकधारी सैनिक बघावे लागले. गोष्टीचा शेवट मात्र लोकांच्या मनासारखा झाला. सैन्याबरोबर ब्रिटिश आयुक्त आला, म्हणजे जे ते मागत होते ते थेट प्रशासनच आलं. कागदोपत्री ताटातूट व्हायला १९ डिसेंबर १९८० उजाडलं. सेंट किट्स आणि नेव्हिस पुढं १९८३ मध्ये पूर्ण स्वतंत्र झाले, अँग्विलाविना.

आज तिथं काय व्यवस्था आहे? १९८२ ची राज्यघटना. विधानसभेत लोकांनी निवडलेले ११ सदस्य, त्यांतले सात मतदारसंघांतून आणि चार साऱ्या बेटाच्या मतांवर. बहुमतवाल्यांचा नेता प्रीमियर. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर कोरा रिचर्डसन-हॉज या पहिल्या महिला प्रीमियर झाल्या. शिक्षण, आरोग्य, कर, पर्यटन, हे सगळं या सरकारचं. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, पोलीस आणि सरकारी नोकरवर्ग मात्र ब्रिटिश राजानं नेमलेल्या गव्हर्नरच्या अखत्यारीत. शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायमंडळाकडे. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तर अँग्विला अजूनही 'अस्वयंशासित' प्रदेशांत मोडतो. म्हणजे स्वराज्य आहे, पण दोरीचं एक टोक लंडनला. ती दोरी त्यांनी स्वतः मागून घेतली हे खरं, पण ती आणखी सैल करावी का, ही चर्चा तिथं चालूच असते. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, ते चालवणाऱ्या मध्यवर्ती बँकेचं मुख्यालय कुठं आहे? सेंट किट्सला. राजकारणानं तोडलेली बेटं व्यवहारात एकमेकांना धरून आहेत, हे मला फार बरं वाटतं.

पोट आता मुख्यतः पर्यटनावर चालतं. पांढऱ्याशुभ्र वाळूचे किनारे आहेत, हॉटेलं आहेत. पण सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ आलं आणि घरांची छपरं, विजेचे खांब, रुग्णालय, शाळा, साऱ्यांना तडाखा देऊन गेलं. एकाच धंद्यावर विसंबलेल्या बेटाला असं वादळ वर्षानुवर्षं मागं ढकलतं.

अशात एक अनपेक्षित हात मिळाला. इंटरनेटवर प्रत्येक देशाला दोन अक्षरी ओळख असते, भारताची 'आयएन'. अँग्विलाच्या वाट्याला १९९५ मध्ये आली 'एआय'. पुढं कृत्रिम बुद्धिमत्तेला सारं जग 'एआय' म्हणू लागलं, आणि पुण्या-बंगळूरपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या कंपन्या आपल्या पत्त्याला 'डॉट एआय' शेपूट लावण्यासाठी या बेटाला पैसे मोजू लागल्या. २०२३ मध्ये त्यातून सुमारे ३.२ कोटी अमेरिकन डॉलर आले, सरकारच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. आपल्या माहितीतल्या कुणाच्या कंपनीचा पत्ता असा संपत असेल, तर त्याच्या पैशातला थोडासा वाटा त्या पागोळ्यांच्या बेटावर पोचला आहे.

आता ती गलबतं. ऊसतोडीची ती वाट केव्हाच थांबली, पण चढाओढ थांबली नाही. शिडाच्या होड्यांची शर्यत हा अँग्विलाचा राष्ट्रीय खेळ आहे. होड्या त्याच जुन्या धाटणीच्या, वरून उघड्या, तळाशी वाळूच्या गोण्या आणि दगडांचा भार. वारा पडला आणि होडी हलकी करायची वेळ आली, तर गोण्या समुद्रात जातातच, कधी कधी गडीही स्वतः उडी टाकतात. ३० मे, पोलिसांना परत पाठवलं तो दिवस, अँग्विला दिन म्हणून पाळतात आणि त्या दिवशी होड्या साऱ्या बेटाला वळसा घालतात. किनाऱ्याकिनाऱ्यानं गाड्या धावतात, लोक उंचवट्यावर जाऊन उभे राहतात, होडी नजरेआड झाली की कान रेडिओवरच्या वर्णनाला. आणि मग लांबवर, आजोबांच्या वेळी दिसायचं तसंच, एक पांढरं शीड दिसतं, आणि कुणीतरी ओरडतं, आली!

नमस्कार.